डोहातल्या हिरव्या फांद्या

तर खंड्या त्याच्या टोपीवर येऊन बसला, इथपर्यंत काल आपण आलो होतो. माझा साडू कमरेइतक्या पाण्यात उभा, हातात गळाची काठी, आणि टोपीवर तो निळा पक्षी. मी काठावरून ओरडणार, तेवढ्यात त्याने नुसतं बोट हलवून मला गप्प केलं. खंड्याने टोपीवरूनच सूर मारला, याच्या गळापुढचा मासा उचलला आणि परत टोपीवर बसून निवांत खाल्ला. मी म्हटलं, "अरे, हाकल त्याला." तर म्हणतो, "कशाला? त्यानेही जागा बरोबरच निवडलीय की." एवढा वेळ एका जागी न हलता उभा राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तेव्हापासून सगळे त्याला बगळा म्हणू लागले. त्याने कधी राग मानला नाही. हाक मारली की पाचव्या मिनिटाला वळून बघायचा.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माझी थोरली, त्याची धाकटी. सासूबाई म्हणायच्या, एक जावई बोलायचा थांबत नाही, दुसरा बोलायला सुरुवात करत नाही. दोघांना कालवून मधोमध कापलं असतं तर दोन बरी माणसं निघाली असती. हे त्या माझ्यादेखत म्हणायच्या. त्याच्यादेखतही म्हणायच्या, पण तो ऐकत होता की नाही हे कुणालाच कळायचं नाही.

उन्हाळ्यातली मासेमारी मी त्याच्याकडून शिकलो. म्हणजे शिकलो असं मी म्हणतो. तो म्हणायचा, शिकवून पाहिलं. ऊन चढलं की मासा तुमच्यासारखाच सावली शोधतो, हा त्याचा पहिला धडा. उजाडताना तो काठाशी चरायला येतो, ऊन वर आलं की खोल उतरतो, नाहीतर झुकलेल्या झाडाखाली, खडकाच्या कपारीत, जिथे झऱ्याचं गार पाणी मिसळतं तिथे जाऊन पडतो. भर दुपारी उथळ पाण्यात गळ टाकून बसणाऱ्याला तो "काय, पाय धुताय का?" असं विचारायचा. तळ्यावर वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ धरायचा, कारण लाटांनी तिथलं पाणी जरा ताजं राहतं. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गांडुळांचा डबा ओल्या मातीत पुरून ठेवायचा. लहान मासा सोडून द्यायचा तर आधी हात ओला करायचा, कोरड्या हाताने त्याचं अंग सोलतं. आणि धरलेला मासा बादलीतल्या कोमट पाण्यात कोंबायचा नाही, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचा. मी एकदा बादली उन्हात विसरलो, तर दिवसभर माझ्याशी बोलला नाही. तसा तो एरवीही बोलत नव्हता, पण त्या दिवशीचं न बोलणं वेगळं होतं.

पण ही झाली गळाची मौज. त्याचं पोट जाळ्यावर होतं, आणि जाळ्यापेक्षा मोठी जबाबदारी म्हणजे डोह.

नदी उन्हाळ्यात तुटते. वाहायची थांबते आणि खड्ड्याखड्ड्यांत पाणी उरतं. त्यातला एकच डोह कधी आटत नाही. नदीभरचे मासे मागे सरकत सरकत त्यात गोळा होतात, अंडी घालणाऱ्या मोठाल्या माद्यासुद्धा. म्हणून तिथल्या कोळ्यांमध्ये ठरलेलं होतं, खालच्या दगडांवरून पाणी वाहायचं थांबलं की डोहात कुणी जाळं टाकायचं नाही. नवं पाणी येईपर्यंत सगळ्यांनी तळ्यावर जायचं. डोहावर एक राखणदार, आणि तो म्हणजे वर्षानुवर्षं बगळा. डोह गेला तर पुढच्या हंगामात नदीला मासाच नाही, सगळ्यांची जाळी खुंटीला.

राखणदाराचं एक मोठं काम म्हणजे सावली. थंडी संपता संपता तो काठावरच्या झाडांच्या फांद्या तोडायचा आणि उन्हात वाळत टाकायचा. पानं पुरती झडली, फांद्या वाजायला लागल्या की दगड बांधून डोहात सोडायचा. मासे त्या काटक्यांच्या आडोशाला राहतात, पक्ष्यांपासून वाचतात. ओली पानं मात्र पाण्यात जाता कामा नयेत. गरम पाण्यात पानं कुजतात आणि पाण्यातला श्वास खाऊन टाकतात. हे त्याने किती जणांना बजावलं असेल. एका नवख्याने पानांसकट फांदी टाकली, तेव्हा याने अंगातल्या कपड्यांनिशी उडी मारून ती बाहेर ओढली होती.

त्या वर्षी फांद्या तोडायच्या दिवसांत मेहुणीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन झालं. हा माणूस दवाखान्याच्या लांब ओसरीत बाकड्यावर बसून राहिला. मी डबा घेऊन जायचो. नर्सने त्याला विचारलं, तुम्ही पेशंट आहात का, तर याने मान हलवली, आणि ती होय की नाही हे तिला कळेना. शेवटी मीच म्हटलं, "बाई, हे असेच असतात." मेहुणी घरी आली, चालू लागली, आणि तोवर नदी तुटली होती, नेहमीपेक्षा फार लवकर. तो डोहावर गेला तर मासे उघड्या उन्हात, पाणी खाली गेलेलं, आणि काठावर खरे बगळे ओळीने उभे, पंगतीला बसल्यासारखे.

फांद्या वाळवायला वेळ नव्हता. त्याने एका दिवसात, एकट्याने, हिरव्यागार फांद्या तोडल्या आणि पानांसकट डोहात सोडल्या. नंतर मी विचारलं, तुला माहीत नव्हतं का? म्हणाला, "माहीत होतं. वाटलं, थोडे दिवस निभेल. सावली तरी मिळेल." एवढंच.

सावली मिळाली. पक्षी उठून गेले. चार दिवस तो खुशीत होता, म्हणजे माझ्या विनोदाला एकदा हसला.

मग एका पहाटे मला हाक आली. मी गेलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. डोहाचं पाणी कोऱ्या चहासारखं काळपट झालेलं, वरून कुजट वास. आणि सगळ्या पाण्यावर माशांची तोंडं. उघडत होती, मिटत होती. त्याचा एक बारीक आवाज येतो, पच्‌ पच्‌ असा, हजार जण ओठ चाटत असल्यासारखा. काठाशी काही पांढरी पोटं आधीच वर आली होती. बगळा गुडघाभर पाण्याच्या अलीकडेच थांबला होता, आत पाऊल घालत नव्हता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साडूभाऊ, हे मी केलं."

मी त्याला दंडाला धरून घराकडे वळवलं.

त्यांच्या घरी गेलो. एकच मोठी खोली, छताच्या तुळईला जाळं लटकलेलं, त्याखालून वाकूनच चालायचं. खिडकीला ओलं गोणपाट लावलेलं, भिंतीवरच्या बुचाच्या तुकड्यात गळ टोचलेले. मेहुणी पलंगावर उशीला टेकून बसली होती. थोरला मुलगा, बापाबरोबर जाळं ओढणारा, लग्न झालेला बाप्या, दारातच उभा राहिला.

"बाबा, आजच ओढजाळं घालू," तो म्हणाला. "सगळे काढू. मरून फुगण्यापेक्षा बर्फावर गेलेले बरे."

"ओढजाळं तळ खरवडतं," बगळा म्हणाला. "खालचा काळा गाळ उठला की राहिलेलेही जातील."

"मग फांद्या काढा."

"काढायच्याच आहेत. पण हळू. होडीतून, पाय न लावता. आणि सकाळी नाही. पहाटे पाण्यात श्वास सगळ्यात कमी असतो. ऊन लागून पाण्यातली हिरवळ जागी झाली की दुपारनंतर जरा सावरतं, तेव्हा."

"तोपर्यंत लोक विचारतील. काय सांगायचं?"

बगळ्याने भिंतीवरच्या बुचातला एक गळ काढला आणि परत टोचला.

"ऊन म्हणून सांगा," मुलगा म्हणाला. "कुणाला शंका येणार नाही. वरच्या तळ्यातही मासे मेलेत, ते उन्हानेच ना? फांद्या रात्रीतून काढून टाकू. तुमची एवढ्या वर्षांची राखण आहे बाबा. एका चुकीपायी लोक डोह काढून घेतील. आणि आम्हालाही तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

मला ते चुकीचं वाटलं असं मी म्हणणार नाही. पोरगा बापाला वाचवत होता. मी म्हटलं, "नाहीतर खरं कारण सांग. बायकोचं ऑपरेशन होतं, वेळ मिळाला नाही. कोण दोष देईल?"

तेवढ्यात मेहुणी उशीवरून सरळ झाली. "भाऊजी, तुम्ही डबे आणलेत, उपकार झाले. पण माझं पोट डोहात घालू नका." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही. तिथे चौघांसमोर माझ्या आजारपणाचं नाव काढलंत, तर घरी येऊच नका. तुमच्या त्या पक्ष्यांबरोबर राहा."

"बरं," बगळा म्हणाला. पण कशाला बरं म्हणाला, हे नेहमीप्रमाणे कुणाला कळलं नाही. मुलगा दारातूनच निघून गेला.

दुपारनंतर आम्ही होडी घातली. मी वल्हं धरलं, म्हणजे होडी जागेवर ठेवायचा प्रयत्न केला. ती माझं ऐकत नव्हती. बगळा पोटावर झोपून हात पाण्यात घालायचा, चाचपडत दोरी कापायचा, दगड खालीच राहू द्यायचा आणि फांदी इतकी सावकाश वर ओढायचा, की जणू झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून चादर काढतोय. फांदी वर आली की पानं हातात बुळबुळीत व्हायची, काळी, कुजलेल्या अंड्यासारखा वास. होडीत टाकून काठावर न्यायची, परत यायचं. त्याच्या पाठीवर उन्हाने फोड आले. मी म्हटलं, जरा थांब. तो थांबला नाही. कुठली फांदी कुठे सोडली हे त्याला बरोबर आठवत होतं, आणि मला वाटतं तेच त्याला जास्त छळत होतं.

पहाटे तोंडं वर आली की आम्ही बादल्यांनी डोहाचंच पाणी उचलून उंचावरून परत ओतायचो, हवा मिसळावी म्हणून. पाणी पडेल तिथे मासे जमायचे, इतके जवळ की हाताने धरता यावेत. एक जुनी मादी, माझ्या हाताएवढी लांब, पहिल्या पहाटे बादलीच्या धारेखाली येऊन राहिली. दुसऱ्या पहाटे ती आली नाही. बगळ्याने पाण्यावरून नजर फिरवली आणि बादली भरायला लागला.

त्याच दिवशी दुपारी कोळी आले. वास पोचला होता, मेलेले मासे आम्ही पुरत होतो तेही कुणीतरी पाहिलं होतं. बाया, बाप्ये, तळ्यावरून आलेले, ओल्या पायांनी काठावर उभे राहिले. त्यांच्या पुढे आक्का, सगळ्यात जुनी जाळंवाली, जिच्या शब्दाने राखणदार ठरायचा. थोरला मुलगाही त्यांच्यातच, मागे, हाताची घडी घालून.

काढलेल्या फांद्या आम्ही झाडामागे रचल्या होत्या, काठावरून दिसत नव्हत्या. होडीत त्या वेळी एकही नव्हती. बगळ्याने मनात आणलं असतं तर होडी किनाऱ्याला लावून मान खाली घालून उभा राहिला असता, आणि सगळे त्याच्या पाठीवर हात ठेवून घरी गेले असते.

आक्काने पाण्याकडे बघितलं, तोंडाला पदर लावला. "अगं बाई," ती म्हणाली, "एवढी राखण करून हे. किती गेले रे?"

"अर्धे तरी," बगळा म्हणाला.

कुणीतरी मागून म्हणालं, "अर्धे." पुढच्या हंगामाचं गणित ज्याचं त्याने मनात केलं असणार.

"वरच्या तळ्यातही असंच झालंय," आक्का म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता, आणि मला ते ऐकून बरं वाटलं आणि भीतीही वाटली. "माणूस कितीही डोळ्यांत तेल घालून बसला तरी वरून आग पडली तर काय करणार? ऊनच म्हणायचं ना, बगळ्या?"

थोरल्याने हाताची घडी सोडली. मी वल्हं घट्ट धरलं. होडी हलत होती, ती माझ्यामुळेच. बगळा होडीत गुडघ्यांवर उठून बसला, कोपरापर्यंत काळे झालेले हात मांडीवर पुसले, आणि नेहमीसारखा वेळ न घेता, जणू कुणी दोरीचं टोक मागितलंय तसं म्हणाला:

"ऊन नाही, आक्का, मी. फांद्या मी टाकल्या, पानांसकट, हिरव्या. काढलेल्या त्या झाडामागे आहेत, बघून घ्या. डोह पुढे कुणाकडे द्यायचा ते तुम्ही ठरवा, पण मागाहून; खाली अजून फांद्या आहेत आणि या माझ्या साडूला होडी धरता येत नाही, कुणीतरी दुसरा या."