माझ्या नावाचं ताट

ताप हटेना म्हणून नाशिकच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि दोन गोष्टी एकदमच कळल्या. एचआयव्ही आहे आणि बेडक्यात टीबीसारखे जंतू आहेत. मी पोटभर रडले. मग डोळे पुसून डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे जंतू दिसतात कसे?" मला पहिल्यापासून नसत्या चौकशा फार. त्या म्हणाल्या, "रंगवले की लाल काड्यांसारखे."

घरी आल्यावर सासूबाईंनी मांडणीतून स्टीलचं एक ताट काढलं. लग्नात आईने माझं नाव घालून दिलेलं.

"हे तुझं. यात दुसऱ्या कोणी जेवायचं नाय."

नावच कोरलेलं, त्यामुळे चुकून अदलाबदल व्हायचीही सोय नव्हती. माझी मुलगी तोवर माझ्याच ताटात जेवायची. आता ती रोज विचारायची, "आज जेवू?" आणि मी नाही म्हणायचे. बाकी सगळं सोसलं, ते मात्र सोसवेना.

एचआयव्हीच्या आणि टीबीच्या गोळ्या चालू होत्या, तरी ताप उतरेना. मी एवढी वाळले की साडीच्या निऱ्या वाढत चालल्या. शेवटी बेडक्यातले जंतू वाढवून बघतात, त्या कल्चरचा निकाल आला. हा टीबीचा जंतू नव्हताच, त्याचा चुलतभाऊ होता. इतके दिवस चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

"हा राहतो कुठे?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"पाण्यात, मातीत."

"म्हणजे निफाडला आमच्या द्राक्षांच्या मळ्यातही?"

"असेल की. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. तुमची ताकद कमी झालेली, म्हणून त्याचं फावलं."

एचआयव्ही वर्षानुवर्षं अंगात मुकाट बसलेला आणि हा कानामागून आला नि तिखट झाला! राग आला, पण खरं सांगते, थोडं कौतुकही वाटलं.

मग मुद्द्याचं विचारलं. "माझ्यापासून मुलीला होईल? घरी माझं ताट वेगळं केलंय."

"हा माणसापासून माणसाला होत नाही. आणि ताटातून तर टीबीही होत नाही, एचआयव्हीही नाही. ताट वेगळं करायला सांगितलं कोणी?"

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

गोळ्या बदलून आम्ही घरी आलो. संध्याकाळी मुलीने सवयीने विचारलं, "आज जेवू?" मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझं ताट घेतलं, मेथीची भाजी वाढली, भाकरी मोडली आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

"जेव गं पोरी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "सरक जराशी. मीबी बसते."