आजोबा जुबैलला जाऊन आले!

आम्ही सौदीतल्या जुबैलचे कॅम्पवाले दोघे जरी भेटलो ना, तरी चहा गार होतो. एक किस्सा काढावा, तर त्याच्या मागे दुसरा तयार! आणि निम्म्यांत दत्ताची कॅसेट असतेच.

दत्ता तोंडवळकर, देवगडचा, माझ्या खोलीतला वेल्डर. त्याचे आजोबा पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे नाटक कंपनीत गायचे. त्यांची एकच तबकडी निघाली, तीही पुढे फुटली. फुटण्याआधी तिच्यावरून भरून घेतलेली ही कॅसेट तेवढी उरली. वडिलांनी देताना बजावलं होतं, "माझ्या बाबांचो आवाज आसा. सुखरूप परत घेवन ये!" कॉपी काढू म्हटलं, की दत्ता म्हणायचा, "नको, टेप घासेल."

त्या काळी गाणं संपलं की गाणारे तबकडीतच आपलं नाव सांगायचे. आजोबाही शेवटची तान टाकून गर्जायचे, "रघुनाथ आबाजी तोंडवळकर!" शुक्रवारी सुट्टीला आम्ही सगळे त्यांच्याबरोबर ओरडायचो. शेजारचे केरळवाले भिंत बडवायचे.

*

एक्याण्णव साली कुवेतवरून युद्ध पेटलं. कंपनीने गॅसचे मास्क वाटले. पहिला भोंगा वाजला, आम्ही धडपडत मास्क चढवले. बघतो तर दत्ता उघड्या तोंडाने पलंगाखाली! मास्कच्या डब्यात कॅसेट, मास्क कपाटात!

"अरे, मरशील!"

"मास्क कंपनी दुसरा देईल. आजोबा कोण देणार?"

*

मग आम्हाला युद्धापासून लांब, पश्चिम किनाऱ्यावरच्या राबिघला हलवलं. वाटेत चेकपोस्टवर पोलिसाने कॅसेट बसच्या टेपमध्ये घालून पूर्ण ऐकली. शेवटी गर्जना झाली.

"हा कोण? याचा इकामा दाखवा!" इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना.

आमचे फोरमन हसनभाई दापोलीचे, अरबी सफाईदार. म्हणाले, "याचे आजोबा. वारले."

पोलिसाने कॅसेट बाहेर काढली. दुवा पुटपुटला, कॅसेट दोन्ही हातांनी दत्ताला दिली आणि ओरडला, "यल्ला!" चला, निघा!

*

राबिघला एकदाची रेडिओवर बातमी आली, युद्ध थांबलं! हसनभाई आनंदाने वेडेच झाले. घरच्यांना ऐकवायला म्हणून त्यांनी खटकन त्याच रेडिओच्या टेपचं रेकॉर्डचं बटण दाबलं. आम्ही मिठ्या मारतोय, नाचतोय, जिवंत राहिलो रे बाबांनो! आणि दत्ताचं लक्ष टेपकडे गेलं. आत आजोबांची कॅसेट फिरत होती.

हसनभाईंनी झडप घालून ती बंद केली आणि ढसाढसा रडले. दत्ता एवढंच म्हणाला, "आता बाबांसमोरच ऐकेन."

*

सुट्टीवर आलो. हसनभाई हट्टाने आमच्याबरोबर देवगडला आले. ओटीवर पाय ठेवताच त्यांनी सगळं सांगून टाकलं. दत्ताचे वडील ऐकत राहिले. मग म्हणाले, "लाव."

इंग्रजी बातमी सुरू झाली. युद्धबंदी, सैन्य, अमुक, तमुक. हसनभाईंची मान वर होईना. तेवढ्यात खट्ट झालं, आणि शेवटची तान! पाठोपाठ, "रघुनाथ आबाजी तोंडवळकर!"

या वेळी आमच्यापैकी कोणीच ओरडलं नाही.

म्हाताऱ्याने पंच्याने डोळे पुसले. हसनभाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला,

"येवढी लढाय झाली, तरी बाबांनी नाव सांगल्यानीच!"