अक्काच्या मशीनमधली जागा कोणी खाल्ली?

माझी थोरली बहीण सुजाता, राहणार भालकी, जिल्हा बीदर, हिच्यावर गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी घोर अन्याय झाला. अन्याय करणारा इसम अजून मोकाट आहे आणि भालकीच्या बाजारात उजळ माथ्यानं फिरतो आहे. त्याचं नाव मी या मजकुरात जाहीर करणार आहे. कुणाचंही दडपण आलं तरी करणार आहे!

आधी पीडित व्यक्तीची ओळख. सुजाता अक्का मराठीतून कन्नड शिकवते. या कामाची किंमत सीमेवर राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडच्या पोरी मराठी शाळेत शिकतात, बाजारात दखनी उर्दूत भाव करतात, कंडक्टरशी कन्नडमध्ये भांडतात आणि त्या भांडणात जिंकतातही. पण सरकारी नोकरीसाठी कन्नडचा सक्तीचा पेपर समोर आला, की जी भाषा तोंडानं फाडफाड येते ती पेनातून उतरत नाही. अशा पोरींसाठी अक्का मोबाइलवर धडे देते आणि दर रविवारी सराव परीक्षा घेते.

हे सगळं चालतं एका व्हर्च्युअल मशीनवर. ते भाड्यानं घेऊन दिलं आमच्या चुलतभावानं, किरण अण्णानं. तो बीदरला मैलूरमध्ये राहतो आणि घरात बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करतो. (घरात बसून पगार घेणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात पहिल्यापासून संशय होता. हा मुद्दा पुढे येईल.)

“मशीन कुटं हाय पर?” आमच्या वडिलांनी, अप्पांनी, त्याला विचारलं होतं.

“तसं कुटंच न्हाई, अप्पा. एक लई मोठा कॉम्प्युटर हाय लांब. त्यात आपल्याला एक खोली दिलीय म्हणा.”

“खोलीला कुलूप?”

“पासवर्ड हाय की.”

“चावी कुणाकुणाकडं?”

“अक्काकडं, सिद्धूकडं आन् माझ्याकडं.”

“तिघाकडं!” अप्पा भिंतीला टेकले. अप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या गेटवर गेली. बाहेर पडणाऱ्याचा जेवणाचा डबा उघडून बघायची सवय अजून सुटलेली नाही. मी घरातून निघालो तरी माझ्या पिशवीत एकदा डोकावतात.

आता सिद्धू म्हणजे मी. आमच्या युवक मंडळाचा पत्रकप्रमुख. बस वेळेवर सोडा, नळाला पाणी सोडा, गायरान सोडा, अशी आतापर्यंत जेवढी ‘सोडा’ पत्रकं भालकीत वाटली गेली, ती माझ्या हातची. मंडळातल्या जुन्या कार्यकर्त्यांनी आमच्याकडून तीन नियम घोकून घेतले आहेत. निवेदन दिलं की शिक्का मारलेली प्रत घ्यायची. त्या प्रतीची प्रत काढायची. आणि ती प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवायची. कारण साहेब बदलतात, कपाटं बदलतात, आणि “तुमचं निवेदन आलंच नाही” हे वाक्य तेवढं बदलत नाही.

अक्काच्या कामात माझं योगदान काय, असं काही नातेवाईक खवचटपणे विचारतात. तर मी मशीनचा संरक्षणप्रमुख होतो. (नेमणूक मीच केली होती.)

तर तो रविवार. परीक्षा सुरू झाली. पोरींनी पेपर सोडवला. दहा चाळीसला अक्काचा फोन वाजला. खटकचिंचोळीची रेश्मा. ही पोरगी रेंज मिळावी म्हणून माळवदावर चढून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पेपर देते.

“अक्का, मी ‘जमा करा’ दाबलं. सगळे उत्तरं गेले! परत पहिल्यापासून पेपर यायलाय!”

मग दुसरा फोन. मग तिसरा. अक्कानं मशीन उघडून बघितलं. पडद्यावर एकच ओळ होती, डिस्कमध्ये जागा शिल्लक नाही.

“जागा न्हाई कशी?” अक्का म्हणाली. “माझे धडे ठिवून अर्धी खोली रिकामी होती की!”

मी एकच शब्द उच्चारला. “घातपात!”

अक्कानं जुने धडे काढून टाकले, थोडी जागा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खोली पुन्हा गच्च! तिनं किरण अण्णाला फोन लावला. त्यानं मैलूरमध्ये बसल्याबसल्या डिस्क वाढवून दुप्पट केली आणि मला म्हणाला, “सिद्धू, आत काय भरलंय तेवढं बग की जरा.”

“काय भरलंय हे महत्त्वाचं न्हाई, अण्णा. कोण भरायलंय हे महत्त्वाचं!”

दुप्पट केलेली डिस्क दुसऱ्या दिवशी भरली.

आता मला सांगा, जागा आपोआप भरते का? आम्ही काय मूर्ख आहोत? पोरींची खरी परीक्षा तोंडावर. पुढच्या रविवारचा सराव पेपर शेवटचा. तोही बुडाला तर पोरी अक्काचा क्लास सोडणार, आणि सोडून कुठं जाणार? बसस्टँडमागं कन्नडचा क्लास चालवणारे एक सर आहेत, त्यांच्याकडं! धागा जुळला! (सरांचं नाव लिहीत नाही, कारण नंतर त्यांनी मला चहा पाजला.)

मी तडक त्यांच्या क्लासात घुसलो. सर फळ्यावर लिहीत होते.

“सर, आमची जागा तुमी खाल्ली का न्हाई? व्हय का न्हाई, एवढंच बोला!”

सर वळले. “याव जागा?” म्हणजे कुठली जागा. मग मला बघून मराठीवर आले. “बाबा, मीच भाड्यानं ऱ्हातो. कुणाची जागा खाऊ?”

“मशीनमधली!”

“गिरणीत जागा न्हाई म्हनायलाव का?” पहिल्या बाकावरची एक बाई म्हणाली. “मग दळण तिकडं वाणी गल्लीत न्या की.”

सगळा क्लास हसला. मी डगमगलो नाही. “सर, पासवर्ड कुणाकडून मिळवलाव?”

“अरे, मला माझाच पासवर्ड आठवंना झालाय!” सरांनी खिशातून मोबाइल काढला. “ह्ये बग, बँकेचं उघडंनाच. आलायस तर तेवढं कर.”

मी ते करून दिलं. (चळवळीतला माणूस लोकांचं काम नाकारू शकत नाही.) चहा पाजून सर हळूच म्हणाले, “सुजाताचा क्लास बंद पडला का रे? हुशार पोरगी. काय लागलं तर सांग म्हनावं.”

त्यांच्या आवाजात काळजी होती. काळजी! प्रतिस्पर्ध्याच्या आवाजात! याहून मोठा पुरावा कुठला पाहिजे?

घरी येऊन मी संरक्षण कडक केलं. काय कडक केलं ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण घरातही कुणावर भरवसा ठेवायचे दिवस राहिले नव्हते. अप्पांचं मत माझ्यासारखंच होतं. “आतलाच माणूस हाय,” ते म्हणाले. “गेटवर मी कधी बाहेरचा चोर धरला न्हाई. सगळे आतलेच.”

आतलेच! चाव्या तिघांकडं. अक्का पीडित. मी संरक्षणप्रमुख. उरला कोण?

मी पत्रक लिहायला बसलो. मथळा होता, ‘घरभेद्यांपासून सावधान!’ आत लिहिलं, ‘मैलूर येथील एका उच्चशिक्षित आप्तानं एका होतकरू भगिनीच्या मशीनमध्ये आपल्या परदेशी कंपनीचा माल साठवला असल्याचा आम्हाला दाट संशय आहे. जागा सोडा, अन्यथा तीव्र आंदोलन!’ आणि ते घरच्या व्हॉट्सअॅप गटात टाकलं. पहिला अंगठा किरण अण्णाच्या आईनं, म्हणजे काकूनं उमटवला. तिनं ते वाचलं नव्हतं. मग वाचलं. मग काकू गटातून बाहेर पडली.

आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. “तुला काय अक्कल हाय का न्हाई? त्या पोरानं पदरचं भाडं भरून मशीन दिलं, आन् तू त्याला चोर म्हनायलास?”

“चोर कामून फुकट मशीन दील, आई? विचार कर!”

आईनं विचार केला नाही. तिनं लाटणं उचललं, म्हणून मी चर्चा स्थगित केली.

शनिवारी दुपारी आरोपी स्वतः बीदरच्या बसनं हजर झाला. हातात काकूनं दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. अप्पांनी सवयीनं तो उघडून बघितला आणि तपासाचा भाग म्हणून एक लाडू खाल्ला.

“सिद्धू,” किरण अण्णा शांतपणे म्हणाला (गुन्हेगार शांतच असतात), “मी हात लावत न्हाई. माझ्यावर आळ हाय. अक्का, तूच उघड. कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्लीय, मोठ्यापासून लावून बग.”

अक्कानं लावलं. आम्ही सगळे तिच्या मागं उभे. धडे, एवढुसे. पेपर, त्याहून एवढुसे. आणि सगळ्यांत वर एक अजस्र फोल्डर. नाव ‘पुरावा’.

“ह्ये काय?” अक्का म्हणाली.

मी छाती पुढं काढली. “ती आपली ढाल हाय, अक्का! उद्या कुणी तुझे धडे पुसले तर? म्हणून रोज रात्री सगळ्या मशीनची एक प्रत आपोआप निघून त्यात पडती. घातपात सुरू झाल्यापासनं तर मी दर तासाला काढायलोय!”

किरण अण्णानं डोळे मिटले. “सगळ्या मशीनची?”

“सगळ्या! मी अर्धवट काम करत न्हाई.”

“आन् पुरावा फोल्डर कुटं हाय? मशीनमदीच का?”

“मग काय रस्त्यावर ठिवू?”

अक्कानं सर्वांत नवी प्रत उघडली. आत तिचे धडे होते, पेपर होते, आणि आणखी एक ‘पुरावा’ होता. त्या पुराव्यात आधीच्या सगळ्या प्रती. त्यातली एक उघडली. आत धडे, पेपर आणि पुरावा. त्यात त्याच्या आधीच्या सगळ्या प्रती. अक्का उघडत गेली. तिच्या एकाच ‘अ, आ, इ, ई’च्या धड्याची जत्रा भरली होती. पहिल्या दिवशी एक प्रत. दुसऱ्या दिवशीच्या प्रतीत पहिली प्रत. तिसऱ्या दिवशीच्या प्रतीत त्या दोन्ही, शिवाय दुसरीच्या पोटातली पहिली. डिस्क वाढवली, की माझे पुरावे एकमेकांना पोटात घेऊन एका रात्रीत बाळसं धरत होते!

“डब्यात डबा, डब्यात डबा,” आई म्हणाली, “आन् लाडू एकच!”

अप्पांनी चष्मा पुसला. “भरणाऱ्याचं नाव कुटं दिसतंय का बग.”

प्रत्येक प्रतीसमोर ते दिसत होतं. सिद्धू. सिद्धू. सिद्धू. खाली जाईल तसं सिद्धूच.

“मी म्हनलो व्हतो,” अप्पा म्हणाले, “आतलाच हाय.”

अक्का खुर्ची वळवून माझ्याकडं बघत होती. आठवडाभर ती नीट झोपलेली नव्हती, हे मला तेव्हा दिसलं. पोरींचे फोन घेऊन घेऊन तिचा आवाज बसला होता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तुमच्या मंडळाचा तिसरा नियम काय हाय रे, सिद्धू?”

“प्रत दुसऱ्याच्या घरी ठिवायची,” मी पुटपुटलो.

“मग?”

“दुसऱ्याच्या घरावर इश्वास नव्हता.”

अक्कानं फोल्डर निवडला आणि पुसायला हात उचलला. आणि खरं सांगतो, तेवढं होऊनही माझ्या तोंडातून निघून गेलं, “अक्का, पुरावा नष्ट करायलीस! निदान त्याची एक प्रत तरी—”

आईनं लाटणं आणायला सांगितलं. मग तो फोल्डर मीच पुसला.

रविवारी पेपर झाला. अकराच्या आत खटकचिंचोळीच्या माळवदावरून फोन आला. “अक्का, जमा झालं! एकदाच दाबलं, लगेच झालं!” अक्का आठवड्यात पहिल्यांदा हसली, आणि किरण अण्णानं फक्त धड्यांच्या आणि पेपरांच्या लहानशा प्रती रोज स्वतःच्या मैलूरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोय करून दिली. दुसऱ्याच्या घरी. काकू गटात परतली. अट एकच, सिद्धूनं गटात फक्त वाचायचं. मशीनच्या चाव्या आता दोनच आहेत. संरक्षणप्रमुखाचं पद रिकामं आहे; अर्ज मागवलेले नाहीत.

तर वाचकहो! आजवरच्या माझ्या प्रत्येक पत्रकाखाली ‘वाचा, प्रती काढा, घरोघरी पोचवा’ असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. या वेळी माझी मागणी वेगळी आहे आणि ती मान्य झाल्याशिवाय मी हटणार नाही. हे वाचून झालं की फाडा. मोबाइलवर आलं असेल तर पुसा. पुढं कुणाला पाठवू नका, कुठं साठवू नका. आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर पुसा! काळजी करू नका, माझ्याकडं एक प्रत आहे.

बरं, चार आहेत. पण अक्काला सांगू नका!