शिवूचा रामराम आणि आमचे सतरा दिवस

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या सुनेच्या हातातून मोबाइल घेतला आणि त्यातला व्हिडिओ तीनदा पाहिला. माझी साडेपाच महिन्यांची नात शिवन्या, आमची शिवू, माझ्या मांडीवर बसलेली. एकदम तिची मान खाली जाते, दोन्ही हात पुढं येतात, अंग कमरेत वाकतं आणि परत सरळ होतं. पाच-सात सेकंद गेले की पुन्हा तसंच. मागं सगळे हसतायत, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा: "कर, कर, आजोबाला रामराम कर!"

तिसऱ्या वेळी बाईंनी आवाज बंद केला आणि बोटांवर मोजलं. मग मोबाइल खाली ठेवून म्हणाल्या, "आजी, हा रामराम नाही. हे झटके आहेत. याला इन्फंटाइल स्पाझम म्हणतात. मेंदूचा आलेख काढून खात्री करून घ्यायची. संभाजीनगरला उद्याच जायचं. आठ दिवसांनी नाही, उद्या."

मी वाद घातला. मला सवय आहे. म्हणलं, "बाई, फिट आली की डोळे पांढरे होतात, तोंडाला फेस येतो. ही तर नुसती वाकते."

"एवढ्या लहान बाळात अशीच येते. ताप नाही, फेस नाही. म्हणून तर घरच्यांना कळत नाही."

माझ्या सुनेनं, वैशालीनं, मोबाइल उचलून पिशवीत टाकला. सतरा दिवस ती मला हेच सांगत होती.

आता मी कोण ते सांगते. आम्ही जाफराबादचे. मालक गेल्यापासून मी मुलाजवळ, गणेशजवळ राहते. तो बियाण्याच्या दुकानात कामाला आहे. आमच्या गल्लीतली तीस वर्षांतली निम्मी लेकरं माझ्या पायांवर न्हालेली आहेत. मालिश, शेक, धुरी, टाळू भरणं, सगळं माझ्याकडं. नव्या बाळंतिणीला काही शंका आली की तिची आई म्हणते, "काकूला इचार." त्यामुळं आपल्याला लेकराचं सगळं कळतं असं मला बिलकुल खरं वाटायचं.

तो व्हिडिओ माझा भाऊ धावड्याहून आल्ता त्या दिवसाचा. शिवू नुकतीच झोपून उठली होती. त्याच्याकडं तोंड करून ती वाकली, दोन्ही हात पुढं. भाऊ खूश. "आक्के, पोरगी संस्कारी निघाली गं! तुझ्यावर न्हाई गेली." सगळे हसले. गणेशनं व्हिडिओ काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकला, तिकडून पंधरा जणांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून वैशाली मागं लागली. आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. "आत्या, ही झोपून उठली की रोज तसंच करती. आन् करून झालं की रडती."

मी म्हणलं, "पोटात मुरडा येत असंल." घुटी दिली. मग म्हणलं दात येऊन राह्यले. मग दृष्ट काढली. गावातल्या डॉक्टरांनी पोटाचे थेंब दिले, मला बरं वाटलं, म्हणजे माझंच बराबर होतं.

दहाव्या-बाराव्या दिवशी वैशाली म्हणाली, "आत्या, ही हसायची बंद झाली. माझ्याकडं बघत बी न्हाई."

खरं सांगते, ते मलाही दिसत होतं. आधी मी पायांवर घेतलं की शिवू माझ्या कुंकवाकडं टक लावून बघायची... म्हणजे मी आता लावत नाही, टिकली लावते, त्या टिकलीकडं. आता ती माझ्या पलीकडं कुठंतरी बघायची. पण मी म्हणलं, "पहिलटकरणीला सगळंच वेगळं वाटतं. तुला लई मोबाइल बघायची सवय."

सतराव्या दिवशी सकाळी वैशालीनं पिशवी भरली. "मी जालन्याला चालले. तुम्ही येता का?" विचारत नव्हती, सांगत होती. जीपमध्ये मी तोंड फुगवून बसले. उतरल्यावर काय झालं ते तुम्ही वर वाचलंच.

म्हणून तुमच्या घरात पाळणा असेल तर हे नीट ध्यानात घ्या. लेकरू दचकतं ते आवाजानं, भांडं पडलं की, पाळण्यातून उचललं की. एकदा दचकतं आणि संपलं. हे झटके बिनआवाजाचे असतात आणि एकटे येत नाहीत, ओळीनं येतात. एक, थोडं थांबून दुसरा, मग तिसरा. झोपून उठल्यावर जास्त. कधी आख्खं अंग वाकतं, कधी नुसती मान डुलते, कधी उलटं मागं ताणलं जातं. एक झटका दोन सेकंदांचा, म्हणून कुणाला खरा वाटत नाही. साधारण तीन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळांत हे दिसतं असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि लेकरू हसायचं, बघायचं, पालथं पडायचं सोडून देतं. पुढं जाणारं लेकरू मागं यायला लागलं की थांबायचं नाही.

डॉक्टरांना तोंडानं सांगत बसू नका, व्हिडिओ काढा. आमचा तर चुकून निघाला.

संभाजीनगरच्या तपासणीला ईईजी म्हणतात. डोक्याला बारीक तारा चिकटवून मेंदूच्या लहरी कागदावर काढतात. दुखत नाही. बाळ झोपलेलं लागतं, म्हणून वाटेत झोपू द्यायचं नाही. आणि डोकं आदल्या दिवशी शाम्पूनं धुवून कोरडं ठेवायचं, तेलाचा थेंब नको. फोनवर तिथल्या दवाखान्यानं हे दोनदा सांगितलं आणि वैशालीनं तसं केलंही.

आता माझी करामत ऐका. सकाळी वैशाली गणेशला डबा द्यायला आत गेली, तेवढ्यात मी शिवूच्या टाळूवर हात ठेवला. कोरडी ठणठणीत टाळू. एवढ्या लांबचा प्रवास, वारं लागणार, आणि रिकामी टाळू घेऊन लेकरू बाहेर काढायचं? माझं मन धजावलं नाही. बोटभर तेल ठेवलं, वरून टोपडं बांधलं, गप्प बसले.

भोकरदनपर्यंत जीप, तिथून एसटी. वाटभर मी शिवूला जागं ठेवलं. चुटक्या वाजवल्या, गाणी म्हणली, खिडकीतून बैल दाखवले. दवाखान्यात नंबर आला तेव्हा पोर झोपेनं पेंगत होती. तारा लावणाऱ्या दादांनी टोपडं काढलं, बोट फिरवलं आणि हात वर केले.

"तेल कुणी लावलं?"

वैशाली म्हणाली, "न्हाई हो, मी काल धुतलंय." मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मी लावलं," मी म्हणलं. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"आजी, तारा चिकटणार नाहीत. धुवून आणा. पुढचा नंबर!"

बाहेर येऊन बाकावर बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या एक दिवस घालवू नका, आणि तो दिवस मी बोटभर तेलात घालवत होते. शेजारी भोकरदनकडच्या एक बानूबी बसल्या होत्या, नातवाला तिसऱ्यांदा घेऊन आलेल्या. त्यांनी पिशवीतून शाम्पूची पुडी काढली.

"ले बहन. मैं भी पहली बार तेल लगा के लाई थी. उस दिन से पुडी साथ रखती हूं, हर बार कोई ना कोई दादी मिलतीच है."

आम्ही तिघींनी मिळून बेसिनवर शिवूचं डोकं धुतलं. तिनं आख्खा मजला डोक्यावर घेतला. झोप गेली ती गेलीच. मग बसा. एकामागून एक नंबर जात राहिले. बानूबी सांगत होत्या, "दवा से चेहरा फूलेगा. फूलने दे. लोग बोलेंगे बंद करो, नक्को करना. मेरी बहू ने बंद करी थी, सब वापस आया." शेवटी सगळी बाकं रिकामी झाली तेव्हा शिवू वैशालीच्या अंगावर झोपली. तारा लावणारे दादा घरी जायचे थांबले होते. त्यांचे पाय धरायचे राहिले तेवढे.

मेंदूच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला. नीट लहरी कशा, पेरलेल्या ओळींसारख्या. शिवूच्या लहरी गारपीट झाल्यावर गहू पडतो तशा, जिकडं तिकडं. त्याला हिप्सॅरिदमिया म्हणतात. म्हणजे मेंदूत सतत गोंधळ चालू, त्या गोंधळात लेकराला नवं काही शिकता येत नाही. म्हणून घाई. झटका दिसायला बारीक, पण नुकसान आतून.

वैशालीनं विचारलं, "माझ्या पोटात असताना माझं काही चुकलं का?"

"नाही. तुमचं काहीच चुकलेलं नाही."

मग मी विचारलं, "माझ्या मालिशीनं झालं का?"

"मालिशीनं असं होत नाही, आजी." डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान, पण सरळ बोलणारे. "उशीर झाला नसता तर जास्त बरं झालं असतं. पण काही जण महिने काढून येतात. तुम्ही अजून वेळेत आहात. आता एक दिवसही औषध चुकवू नका."

एमआरआय केला, रक्त-लघवी तपासली. कारण सापडलं नाही. मला वाटलं हे वाईट. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या रचनेत दोष दिसत नाही, ही चांगली बाजू आहे.

औषध म्हणजे स्टेरॉइड, पातळ, तोंडानं द्यायचं. काहींना त्याऐवजी इंजेक्शन देतात, एसीटीएच नावाचं. चार दिवस भरती करून रक्तदाब आणि साखर बघितली. या औषधात जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून गर्दी नको, आणि कोणती लस द्यायची ते विचारल्याशिवाय द्यायची नाही. आणि मनानं एकदम बंद करायचं नाही, धोका असतो, डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

घरी वैशालीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर झटके लिहायला सुरुवात केली. सकाळी आठ झटके, दुपारी पाच. सकाळी सहा. सकाळी दोन. सहाव्या दिवशी शिवू उठली, आळस दिला. आम्ही दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना. काहीच नाही. दुपारी काहीच नाही. वैशालीनं चौकोनात शून्य काढलं आणि त्यावरून चारदा पेन फिरवलं.

मग खरी गंमत. शिवूचा चेहरा पुरीसारखा फुगला. दिवसभर भूक, दिवसभर किरकिर. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "काकू, नात काय गुटगुटीत केली! कोणती घुटी देता?" आणि माझी जाऊ कमल रोज दारात.

"झटके थांबले ना? मंग कशाला ते औषध? लेकरू फुगून राह्यलं."

"फुगू दे."

"तुम्ही आख्ख्या गावाला अंगारा-घुटी सांगायच्या, आन् आता डॉक्टरचं ऐकून राह्यल्या?"

"कमल, माझी घुटी मी सतरा दिवस देऊन बघितली. तू मला शिकवू नको. आन् सर्दी झाली असंल तर उंबऱ्याच्या बाहेरूनच बोल."

ती रुसून गेली. आठ दिवसांनी बाहेरूनच भाजी देऊन गेली. औषधाच्या वेळा मात्र मी वैशालीच्या हातात दिल्या. ती सांगेल तसं मी करायचं. अवघड गेलं, पण गेलं.

दोन आठवड्यांनी ईईजी पुन्हा केला. या खेपेला टाळू मी स्वतः वास घेऊन तपासली. आलेख पुष्कळ सुधारला होता.

आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात गणेश फोनवर एका गिऱ्हाइकावर ओरडत होता, "अहो, सोयाबीनच्या बॅगा कालच पाठवल्या!" आणि शिवू हसली. खळखळून. गणेश थबकला. गिऱ्हाईक फोन ठेवून मोकळं झालं तरी हा तसाच ओरडत राहिला, "पाठवल्या हो बॅगा! पाठवल्या!" आणि ती हसत राहिली. वैशाली स्वयंपाकघरातून आली ती कणकेच्या हातानंच खाली बसली.

सगळं सरळ झालं नाही. औषध उतरवताना एका सकाळी मान दोनदा डुलली. वैशालीनं लगेच व्हिडिओ पाठवला, डॉक्टरांनी विगाबॅट्रिन नावाचं दुसरं औषध जोडलं. ते चालू असताना डोळे तपासत राहावे लागतात. त्यानंतर झटका आला नाही.

आज शिवू सव्वादोन वर्षांची आहे. एकोणीस महिन्यांना चालली. बोलणं मागं आहे, दहा-बारा शब्द. दर आठवड्याला जालन्याला थेरपीला नेतो. शाळेचं काय होईल ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत, मी विचारतही नाही. ती मला बघते, ओळखते, माझ्या ताटातली शेंगदाण्याची चटणी पळवते आणि तिखट लागलं की मलाच मारते.

लेकरांना न्हाऊ घालणं मी सोडलं नाही. फक्त आता बाळंतिणीला आधी विचारते, तुला काय वाटतं. मागच्या महिन्यात पलीकडच्या घरात अडीच महिन्यांचं बाळ न्हाऊ घालत होते. त्याची आई हळूच म्हणाली, "काकू, हे झोपेत हात झटकतं." तिची सासू म्हणाली, "लेकरं झटकतातच." मी हात पुसले आणि म्हणलं, "व्हिडिओ काढ. आजच जालन्याला जा." सासूला रुचलं नाही, पण गेले.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि सांगितलं, काही नाही, झोपेतलं साधं दचकणं आहे, घरी जा.

संध्याकाळी ती सासू माझ्या दारात. "काकू, तुमच्यापायी आख्खा दिवस फुकट गेला! जीपचा खर्चा येगळा."

मी तिला आत बोलावलं, चहा ठेवला.

"फुकट गेला ना?" मी म्हणलं. "बरं झालं बाई. साखर जास्त टाकते."