सही करणारीचं नाव

आमच्या घरात तक्रार तोंडी करत नसत. नळाला पाणी आलं नाही, रेशनचे गहू किडके निघाले, शाळेचं छप्पर गळलं, की वडील कागद काढायचे. आधी तारीख, मग जागा, मग काय घडलं, आणि शेवटी ते कुणी केलं त्याचं नाव. भोसरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांवर, ते कामाला होते. पाळी सुटताना गेटवर वाटायची युनियनची पत्रकं तेच लिहीत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. मसुद्यात कुणी ‘व्यवस्थापन’ असा शब्द घातला की वडील तो खोडायचे. म्हणायचे, "व्यवस्थापनाची कधी झोप उडाल्याचं ऐकलंस का? माणसाची उडते. माणसाचं नाव लिही."

प्रेस शॉपच्या दणदणाटात त्यांचे कान गेले. कारखान्याच्या डॉक्टरनं ‘वयोमानानुसार’ असं लिहून खाली सही ठोकली. वडील तेव्हा चाळिशीचेही नव्हते. त्या डॉक्टरच्या नावानिशी पत्रक निघालं आणि महिन्याभरात सगळ्या प्रेस शॉपला इयर प्लग मिळाले. वडिलांना त्यांचा काही उपयोग नव्हता, पण ही गोष्ट ते जिंकल्यासारखी सांगत.

कारखाना बंद पडल्यावर ते चऱ्होलीच्या एका नव्या सोसायटीत गेटवर बसू लागले. तिथलं काम सगळं इंटरकॉमवर. कुणाकडे पाहुणा आलाय, सोडायचा का नाही, हे फोनवर विचारायचं. कानाचं मशीन धड होतं तोवर भागलं. मग ते ऐन बोलण्यात बंद पडू लागलं. एकदा वडिलांकडून चुकीचा माणूस आत सोडला गेल्यावर सेक्रेटरीनं ऐकवलं, "काका, महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर एजन्सीला दुसरा माणूस मागवावा लागेल."

ज्या दुकानातून मशीन घेतलं, ते चिंचवडला. कंपनी मोठी, गावोगावी शाखा, काचेचं दार, आत एसी. वॉरंटी चालू होती. मी चार वेळा गेले. दर वेळी मशीन आठ दिवस ठेवून घ्यायचे आणि जसंच्या तसं परत द्यायचे. सोबत छापील स्लिप: ‘यंत्रात दोष नाही. ग्राहकाचा वापर चुकीचा.’ खाली काउंटरवरच्या मुलीची सही आणि तिचं पूर्ण नाव.

"चुकीचा वापर म्हणजे? कानातच घालतात ना हे?"

"मॅडम, कधीकधी आत घाम जातो."

"मग तसं लिहा. घाम जातो म्हणून."

"तसं नाही लिहिता येत, मॅडम."

हे सांगताना तिनं मान वर केली नाही. माझ्याच वयाची होती. मान वर न करण्याला मी माज समजले.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. डोक्यात तो डॉक्टर होता. ज्याची सही, त्याचं नाव. माझ्या बहिऱ्या बापाचा वापर चुकीचा म्हणणाऱ्या मुलीचं नाव मी ठळक टाइपात घातलं. मसुदा वडिलांपुढे ठेवला, कारण त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्या घरातून कागद बाहेर पडत नसे. त्यांनी नावावर बोट ठेवलं.

"ही कोण?"

मी स्लिपवरची सही दाखवली.

"हिला पगार कोण देतं?"

मशीन त्यांच्या कानात होतं आणि मुकं होतं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि महिना संपायला आला होता. मी कपाटाकडे तोंड करून म्हणाले, "असेल कुणीतरी." त्यांना ऐकू जाणार नाही हे मला ठाऊक होतं. पुन्हा वळले तेव्हा ते मान हलवत होते. मी उत्तर दिलं असं त्यांना वाटलं. माणसं बहिऱ्यांना कशी गुंडाळतात ते मी लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी मीही तेच केलं.

शनिवारी संध्याकाळी दुकानाच्या दारात उभं राहून मी पत्रकं वाटली. काचेपलीकडून ती बघत होती. शहराच्या फेसबुक ग्रुपवरही फोटो टाकला. रात्रभरात शेकडो लोक जमले. ‘ताई, कडक!’ ‘सोडू नका हिला.’ ‘असल्यांना घरी बसवलं पाहिजे.’ मी एकेक वाचत होते आणि मला फार बरं वाटत होतं. ते इथं लपवत नाही.

मंगळवारी नवं कोरं मशीन घरपोच आलं. वडिलांनी ते कानात बसवलं. मी आईला मोबाइलवरचा कंपनीचा जाहीर खुलासा वाचून दाखवत होते: ग्राहक हेच आमचं दैवत, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, संबंधित कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करण्यात आले आहे. नव्या मशीनमधून त्यांनी ऐकलेलं पहिलं वाक्य ते.

"कुणाला कमी केलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

कंपनीनं माझं पत्रक माझ्यापेक्षा हुशारीनं वापरलं. खराब मशीन विकणारे, स्लिपवरचं वाक्य ठरवणारे, सगळे जागच्या जागी राहिले आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मी ग्रुपवर लिहिलं की मुलीची चूक नव्हती, तिला परत घ्या. त्यावर एकानं विचारलं, ‘ताई, सेटलमेंट झाली वाटतं?’ खाली हसण्याचे शिक्के. कंपनीला मेल केली, तर उत्तर आलं: आपल्या तक्रारीचं निवारण झालं असून ती बंद करण्यात आली आहे.

दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून तिचा पत्ता लागला. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. दुपारच्या पाळीची बस तळवड्याच्या चौकात येते, तिथं मी तिला गाठलं. डबा छातीशी धरून ती उभी होती.

"आज कागद नाही आणला?" ती म्हणाली.

मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं.

"ताई, ते वाक्य कॉम्प्युटरच छापतो. दुसरं काही टाइपच होत नाही. सही नाही केली तर मशीन परत देता येत नाही. आणि मी काय त्या कंपनीची होते? कंत्राटदाराची होते."

"तेव्हा सांगायचं ना मला."

"कॅमेऱ्याखाली? मान वर करून?" ती हसली. "तुम्ही बाहेर चहाच्या टपरीवर एकदा विचारलं असतं, तर कुणाचं नाव लिहायचं तेपण सांगितलं असतं."

मग तिनं नाव सांगितलंच. मशीनच्या कंपनीतल्या वरच्या साहेबाचं. किती मशीन खराब आली आणि ती परत न घेण्याचा हुकूम कसा आला, तेही.

घरी मी सगळं लिहून काढलं. वडिलांनी दोनदा वाचलं. एक शब्द खोडला नाही. फक्त म्हणाले, "तिला विचार."

मी फोन लावला. पलीकडे यंत्रांचा आवाज होता, तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"नको! हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, कुणी सांगितलं ते लगेच कळेल. इथं पण तोच कंत्राटदार आहे."

"तुमचं नाव कुठंच येणार नाही."

"ताई, तुमच्या वडिलांची नोकरी राहिली ना?"

"राहिली."

"मग बस करा आता."