गर्डरखालची माणसं

पुलावर नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से गंजासारखे चढतात. कितीही घासून काढा, पुन्हा येतातच! हैदराबाद राज्याची फाळणी होत होती, तेव्हा आम्ही रेल्वेच्या एका जुन्या पुलाचे गर्डर बदलत होतो. नवी इंजिनं जड, जुने गर्डर थकलेले. मी नकाशे काढायचो.

*

राज्याच्या बातम्यांनी सगळेच धास्तावलेले. आमचे जुने कारागीर युसूफभाई एकदा पुलाच्या इंजिनीअरला, रेड्डीसाहेबांना, म्हणाले, "साब, राज के टुकडे हो रै बोलते. अपना पूल किसके हिस्से में जाता?"

साहेब म्हणाले, "दोनों सिरे इदरीच हैं, मियां. चाय पियो!"

*

रिव्हेट, म्हणजे गर्डर जोडणारे जाड लोखंडी खिळे, ठोकतात तिथल्या सगळ्यांचेच कान लवकर जातात. परभणीकडचा सखाराम तर घरीही ओरडूनच बोलायचा. एकदा त्याचा आवाज ऐकून गौलीगुड्यातली अख्खी गल्ली भांडण सोडवायला धावली. बायको लाजून दारात आली. "काही नाही हो! लुगडं छान दिसतंय म्हणत होते!"

*

एकदा आईला पूल दाखवायला नेलं. गर्डरच्या टोकाशी तिला फट दिसली. "हे काय रे? काम अर्धवटच!"

म्हटलं, "आई, उन्हात लोखंड वाढतं. जागा ठेवली नाही तर पूल वाकेल."

तिनं त्या फटीत बोट घालून पाहिलं. संध्याकाळी माझ्या बायकोला म्हणाली, "सूनबाई, चार दिवस माहेरी जाऊन ये गं!"

*

नव्या गर्डरची चाचणी होती. दोन इंजिनं पुलावर उभी करायची आणि गर्डर किती दबतो ते खालून मोजायचं. रेड्डीसाहेब स्वतःच खाली उभे राहिले. तेवढ्यात नारायणगुड्याहून त्यांची बायको डबा घेऊन आली. कोणाचं न ऐकता सरळ त्यांच्या शेजारी जाऊन उभी! इंजिनं आली. गर्डर किंचित दबला. इंजिनं गेली, तसा पुन्हा वर आला. साहेबांच्या कपाळावर घाम. बाईंनी डबा उघडला. "इप्पुडु तिनंडी." आता तरी जेवा!

*

सखाराम भट्टीतून लालभडक रिव्हेट चिमट्यानं उचलून वर फेकायचा. वर युसूफभाई तो पत्र्याच्या डब्यात झेलायचे. पुढे युसूफभाईंची नजर अधू झाली. डबा एका जागी धरून ते नुसते उभे राहायचे, आणि सखारामचा रिव्हेट बरोबर त्यात येऊन पडायचा. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. बोललं कोणीच नाही. नोकरी गेली तर म्हातारा जाणार कुठं?

राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा वेगळा झाला. मराठवाड्याकडच्या बऱ्याच जणांनी गावाकडे बदली मागून घेतली. सखारामचे आईवडील तिकडे एकटे. बायकोनं तर ट्रंकही भरून ठेवली होती. पण सखारामनं बदली मागितलीच नाही. शेवटी आईवडिलांनाच इकडे घेऊन आला.

मी ओरडून विचारलं, "अरे, घरचं गाव सोडून इथं का राहिलास?"

सखारामनं वर पाहिलं. चिमट्यातला रिव्हेट वर फेकला. वर टण्णकन आवाज झाला.

"दादा," तो म्हणाला, "तिकडं लोकं डबा लई हलवतेत!"