वाफ्यावरचं प्लॅस्टिक

परसातल्या मेथीवरचं प्लॅस्टिक आज सकाळी मी उचललं, तर आतून असा कोंदट, आंबूस वाफारा तोंडावर आला की मी पदर नाकाला लावला. मेथी काळी पडून बुळबुळीत झाली होती. तिच्यावर एक लठ्ठ, बिनशंखाची गोगलगाय स्वतःचंच घर असल्यासारखी पसरली होती. शी!

गारांची धास्ती घेऊन ह्यांनी पाइपच्या कमानी वाकवल्या आणि वाफ्यावर हा बुटका बोगदा केला. वर ताणलं ते सोफ्याचं प्लॅस्टिक. सोफा घरात आला तेव्हापासून ते त्याच्यावरच होतं. उन्हाळ्यात पाहुणा उठायला लागला की त्याच्या घामट पोटऱ्या सोलल्यासारख्या सुटायच्या. काढून टाका म्हटलं की ह्यांचं ठरलेलं, "खराब होईल गं." टीव्हीचा रिमोटही पिशवीत, आणि पिशवी इतकी कळकट की बटणं दिसत नाहीत. आमच्याकडे वस्तू वापरत नाहीत, नुसत्या वाचवतात. वस्तू निर्जीव, त्या सोसतात. मेथी जिवंत होती. तिला वारा हवा होता.

"अहो, दिवसा कडा उघड्या ठेवा म्हणून किती वेळा सांगितलं!"

"आणि गारा पडल्या असत्या तर?"

गारा पडल्याच नाहीत.

ती घाण मी फावड्याने उकिरड्यावर टाकली. साबणाने हात धुतले तरी वास जाईना. बाहेर आले, तर हे प्लॅस्टिक घासूनपुसून दोरीवर वाळत घालत होते, पुन्हा सोफ्यावर घालायला. त्याला साधा ओरखडाही पडला नव्हता.